फुकटच्या कीवर्ड टूलने लावलेला चुना

ज्या टूलच्या नादाने माझे पैसे गेले ते टूल खरोखरच फुकट होतं. खुबी तिथेच आहे, म्हणून ते आधी सांगते. पानावर एक रिकामी चौकट असायची. तिच्यात कुठलाही कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधतात तो शब्द, टाका, विमा म्हणा, कर्ज म्हणा, केस गळणे म्हणा, की खाली चार रकाने उमटायचे. महिन्याला किती लोक हा शब्द शोधतात, जाहिरातीवरच्या एका क्लिकचा भाव किती, स्पर्धा कमी की जास्त, आणि शेवटी हिरव्या ठळक अक्षरांत ‘तुमची अंदाजे मासिक कमाई’, म्हणजे त्या शब्दावर लेख लिहून आपल्या वेबसाइटवरच्या जाहिरातींतून मिळणारे पैसे. पहिले तीन रकाने फारसे खोटे नव्हते. चौथा टूल बनवणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून काढला होता आणि पुढचं सगळं दुकान त्या एका रकान्यावर उभं होतं.

पहिले तीन आकडे कुठून येतात ते बघा. गूगलचं कीवर्ड प्लॅनर नावाचं साधन २०१३ पासून आहे. ते जाहिरात देणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे: कोणत्या शब्दावर जाहिरात लावायची आणि त्यासाठी किती खर्च येईल याचा अंदाज यावा म्हणून. जाहिरातीचं खातं उघडलं की ते पैसे न मोजता वापरता येतं. मात्र जे खातं जाहिरातीवर काहीच खर्च करत नाही त्याला नेमका आकडा दिसत नाही, ‘१ हजार ते १० हजार’ असे ढोबळ पट्टे दिसतात. आमच्या टूलवर मात्र ‘६,६००’ असा चोख आकडा यायचा. आकडा चोख असला की माणूस सहसा उलटा प्रश्न विचारत नाही. शिवाय हे आकडे म्हणजे बारा महिन्यांची सरासरी असते. परीक्षेचा निकाल हा शब्द वर्षातले चार दिवस धो धो शोधला जातो आणि उरलेलं वर्ष त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, पण सरासरीत तो बारमाही दिसतो.

आता चौथा रकाना. त्याचं गणित एका ओळीचं होतं: शोधांची संख्या गुणिले क्लिकचा भाव. समजा महिन्याला १०,००० शोध आणि भाव २ डॉलर, तर कमाई २०,००० डॉलर. हे गणित कुठे कुठे फाटतं ते मला फार उशिरा कळलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, १०,००० जणांनी शब्द शोधला म्हणून ते तुमच्या पानावर येत नाहीत. बरेचसे वरच्या दोन-तीन निकालांत वाटले जातात आणि कित्येकांना शोधाच्या पानावरच उत्तर मिळतं, ते कुठेच क्लिक करत नाहीत. नवी वेबसाइट पाचव्या-सहाव्या पानावर पडलेली असते. तिथवर जातं कोण?

दुसरं म्हणजे तो २ डॉलरचा भाव. कीवर्ड प्लॅनरमध्ये जो भाव दिसतो तो गूगलच्या शोधाच्या पानावर सर्वांत वर जाहिरात यावी म्हणून जाहिरातदार लावतात त्या बोलीचा असतो. तुमच्या लेखाच्या कडेला चिकटलेल्या जाहिरातीचा नसतो. शोधणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून आलेला असतो, लेख वाचणारा वाचक म्हणून, त्यामुळे दोन्हीकडचे दर अगदी वेगळे. फळांना लिलावात लागलेली बोली म्हणजे पाटी वाहणाऱ्याची मजुरी नव्हे, तसंच हे. त्यातून वेबसाइटवाल्याच्या हाती येतो तो एकूण रकमेचा साधारण ६८ टक्के हिस्सा. आणि २०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्सचे (वेबसाइटवर जाहिराती लावून मालकाला पैसे देणारी गूगलची योजना) पैसे मुख्यतः क्लिकवर मिळतच नाहीत, जाहिरात किती वेळा दिसली त्यावर मिळतात. म्हणजे ज्या ‘क्लिकच्या भावा’ने गुणाकार करायचा, त्याचा इथे फारसा संबंधच उरत नाही.

हिशेब लावायचाच तर असा लावावा: त्या १०,००० शोधांतून समजा महिन्याला ३०० जण आले आणि हजार पानांमागे २ डॉलर मिळाले, तर हाती आले ६० सेंट. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. पुढचा भागाकार तुम्हीच करा.

स्पर्धेच्या रकान्याने मात्र सगळ्यांत जास्त घात केला. टूलवर ‘स्पर्धा कमी’ असं हिरव्या रंगात आलं की टूलवाल्यांच्या वर्गात शिकवणारे सर म्हणायचे, “हे बघा, इथे पहिल्या पानावर येणं अगदी सोपं.” कीवर्ड प्लॅनरमधली स्पर्धा ही जाहिरातदारांमधली स्पर्धा आहे. त्या शब्दावर बोली लावणारे किती, एवढंच ती सांगते. पहिल्या पानावर येणं सोपं की अवघड याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. जाहिरातीवर जगू पाहणाऱ्याला ‘स्पर्धा कमी’ याचा अर्थ बहुधा एकच: या विषयावर पैसे लावायला कुणी फारसं तयार नाही. आम्हा सगळ्यांना नेमके असे शब्द निवडायला शिकवलं गेलं. आणि हे शिकवणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही, कारण स्वतःच्या वर्गाची जाहिरात तो खुशाल महागड्या शब्दांवर लावत होता.

टूल वापरायला ईमेल आणि फोन नंबर द्यावा लागायचा. मग फोन येतो, मग फुकट वर्ग, आणि वर्गात सरांच्या कमाईचे स्क्रीनशॉट. या स्क्रीनशॉटबद्दल एक सांगून ठेवते. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावर उजवं क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की त्या पानावरचा कुठलाही आकडा आपल्या पडद्यापुरता बदलता येतो. ४ चे ४,००० करायला मिनिटसुद्धा लागत नाही. फोटोशॉप नको, कसलं ज्ञान नको. स्वतः एकदा करून बघा, पुन्हा कुणाच्या स्क्रीनशॉटला भुलणार नाही. चालू पान आमच्यासमोर रिफ्रेश करून दाखवा असं वर्गात एकाने म्हटलं, तर त्याचा माइकच बंद झाला.

फुकट वर्गानंतर विकत घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. आधी निवडक कीवर्डची यादी. ती यादी वर्गातल्या प्रत्येकाला एकच दिली होती, हे नंतर एकमेकांशी बोलल्यावर समजलं. सगळे त्याच शब्दांवर जवळपास तेच लेख लिहीत होते आणि एकमेकांनाच खाली ढकलत होते. मग लेखांसकट तयार वेबसाइट. ते लेख कुठल्याशा यंत्राने घाऊक पाडलेले. केवळ निकालांत वर येण्यासाठी असा घाऊक मजकूर काढणं हे गूगलच्या नियमांत मार्च २०२४ पासून नाव घेऊन स्पॅम ठरवलेलं आहे. ‘मंजूर झालेलं अ‍ॅडसेन्स खातं’ही विकायला होतं. असं खातं एकाकडून दुसऱ्याकडे देता येत नाही आणि नवं उघडायला एक पैसाही लागत नाही. मी ते घेतलं नाही. वेबसाइट घेतली.

महिने गेले तरी कमाईचा आकडा हलेना. मी विचारलं, “सर, रोज थोडी तरी माणसं येतात, मग निदान काही सेंट तरी दिसायला हवेत ना?” उत्तर ठरलेलं: “ताई, संयम ठेवा. अजून शंभर लेख टाका.”

खरं कारण वेबसाइटच्या आतच पडलेलं होतं. अ‍ॅडसेन्सच्या प्रत्येक जाहिरातीच्या कोडमध्ये मालकाचा क्रमांक असतो: ‘सीए-पब’ (ca-pub) अशी अक्षरं आणि पुढे १६ आकडे. पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून ही अक्षरं शोधली तर लेखातल्या वरच्या दोन्ही जागांवर भलताच क्रमांक निघाला. माझा क्रमांक होता तळाशी, जिथवर कुणी वाचत येत नाही. वेबसाइटच्या मुळाशी ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ (ads.txt) नावाची साधी फाइल असते. या वेबसाइटवरच्या जाहिरातींची जागा विकायचा अधिकार कुणाकुणाला आहे हे तिच्यात लिहिलेलं असतं. २०१७ मध्ये ही पद्धत आली ती जाहिरातीतली तोतयेगिरी थांबवायला. माझ्या फाइलमध्ये दोन ओळी होत्या, एक माझी, एक त्या भलत्या क्रमांकाची. वर्गातल्या आणखी दोघींच्या वेबसाइटवर बघितलं, तिथेही तोच. म्हणजे वेबसाइटचे पैसे आम्ही दिले, लेख आम्ही टाकत होतो, वेबसाइट ठेवायच्या जागेचं, म्हणजे होस्टिंगचं, बिल आम्ही भरत होतो, आणि वरची मलई एकाच खात्यात जमत होती. कुणाकडूनही तयार वेबसाइट किंवा फुकट थीम (वेबसाइटचा तयार साचा) घेतली असेल तर वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन त्या फाइलचं नाव टाका. ती सगळ्यांना उघडी दिसते, पासवर्ड लागत नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या वेबसाइट-मालकांसाठीच्या साधनामध्येही मालकांच्या यादीत कुणाकुणाची नावं आहेत ते बघून घ्या. आमच्याकडे तिथेही एक पाहुणा होता.

याबद्दल विचारल्यावर मला वर्गाच्या गटातून काढलं. त्याच सुमारास त्या गटात नवा उपक्रम निघाला होता: रोज सकाळी एकमेकांच्या वेबसाइटवर जाऊन जाहिरातींवर क्लिक करायचं. अ‍ॅडसेन्सच्या नियमांत याला थारा नाही, मग स्वतः क्लिक करा, मैत्रिणीला सांगा किंवा विकतची ‘ट्रॅफिक’, म्हणजे पैसे देऊन वेबसाइटवर भेटी, आणा. अशी कमाई कापून जाहिरातदाराला परत दिली जाते आणि खातं बंद होऊ शकतं. गटातल्या बऱ्याच जणींची खाती तशीच बंद झाली, ज्यात एकीचे प्रामाणिकपणे जमलेले ऐंशी-नव्वद डॉलरही गेले. तिचा राग मला अजून आठवतो. तो माझ्यापेक्षा रास्त होता.

कीवर्ड शोधूच नयेत असं माझं म्हणणं नाही. गूगल ट्रेंड्स २००६ पासून फुकट आहे. त्यातले ० ते १०० हे आकडे म्हणजे माणसं मोजलेली नसून एका काळाची दुसऱ्याशी तुलना असते, एवढं ध्यानात ठेवलं तर ते कामाचं आहे. शोधाच्या चौकटीत अर्धं वाक्य लिहिल्यावर ज्या सूचना येतात त्याही कामाच्या. आणि सर्च कन्सोल, जे तुमच्याच वेबसाइटवर लोक कोणते शब्द शोधून आले ते दाखवतं. यांतलं एकही साधन कमाईचा रकाना दाखवत नाही.

ही खाती बंद झाल्यावर आठवडाभरातच त्या जणींना अनोळखी मेसेज येऊ लागले: तुमचं अ‍ॅडसेन्स पुन्हा सुरू करून देतो, अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. फोन नंबर कुठून गेले हे सांगायला नको, ते टूलच्या त्या चौकटीखालीच भरलेले होते. बंद झालेल्या खात्याबद्दल दाद मागायचा फॉर्म अ‍ॅडसेन्सच्या मदतकेंद्रात आहे, तो ज्याचा त्याने भरायचा असतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.