कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू : १६ प्रश्नांच्या मुलाखतीचे परीक्षण

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये डीएसएम-५ ही मानसिक विकारांच्या निदानाची संहिता प्रसिद्ध केली. त्याच संहितेत 'कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू' या नावाने १६ प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे. समोर बसलेली व्यक्ती आपल्या त्रासाकडे कशी पाहते, त्याचे कारण कशात शोधते, आजवर कोणाकोणाकडे जाऊन आली आणि आता तिला नेमकी कसली मदत हवी आहे, हे तिच्याच तोंडून ऐकून घेणे हा या मुलाखतीचा हेतू आहे. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत मी ती नियमितपणे वापरते. ज्यांच्याकडे वेगवेगळ्या जातीधर्मांची, भाषांची आणि आर्थिक स्तरांची माणसे येतात, अशा समुपदेशकांना तिचा कितपत उपयोग होईल, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहिले आहे.

या मुलाखतीची मुळे मानववंशशास्त्रात आहेत. रुग्ण स्वतःच्या आजाराचा अर्थ कसा लावतो हे विचारणारे प्रश्न मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकात मांडले होते. पुढे १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये सांस्कृतिक माहिती कशी नोंदवावी याची केवळ रूपरेषा आली. ती प्रत्यक्षात विचारायची कशी, हे मात्र तिथे नव्हते. ती उणीव या १६ प्रश्नांनी भरून काढली. त्यांची क्षेत्रीय चाचणी सहा देशांत झाली, ७५ तज्ज्ञांनी ३१८ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या आणि भारतातील चाचणीत पुण्याचाही सहभाग होता. त्यामुळे मराठी माणसांच्या सुखदुःखाशी या प्रश्नांचा संबंधच आलेला नाही, असे म्हणता येत नाही.

सर्वांत मोलाचा मला दुसरा प्रश्न वाटतो. आपला त्रास तुम्ही घरच्यांना, मित्रांना किंवा आपल्या समाजातील लोकांना कसा सांगाल, असे तो विचारतो. पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण 'टेन्शन आहे' किंवा 'डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय' असे ठरावीक उत्तर देतात, कारण तज्ज्ञासमोर तज्ज्ञाचीच भाषा बोलावी असे त्यांना वाटते. दुसऱ्या प्रश्नानंतर मात्र कोणी म्हणते, 'कशातच जीव लागत नाही', कोणी छातीतल्या धडधडीबद्दल बोलते आणि एखादी बाई हळूच सांगते की घरात सगळ्यांना हे बाहेरचे काहीतरी वाटते. चौथा आणि पाचवा प्रश्न याला जोडूनच येतात. एकात व्यक्तीला स्वतःला वाटणारे कारण विचारलेले आहे आणि दुसऱ्यात घरच्यांना वाटणारे. मुलगा कामाच्या ताणाला दोष देतो, आईला फेडायचा राहिलेला नवस आठवतो आणि वडिलांच्या मते मुलाला कष्टांची सवयच नाही. उपचारांचा खर्च कोण करणार, गोळ्या वेळेवर कोण देणार आणि पुढच्या भेटीला कोण येऊ देणार, हे या तीन मतांच्या ओढाताणीत ठरत असते, म्हणून ती मते पहिल्याच दिवशी कळणे मला अत्यावश्यक वाटते.

पूर्वी कोणती मदत घेतली, हा बारावा प्रश्नही तितक्याच काळजीने रचलेला आहे. लोक अनेक ठिकाणी मदत शोधतात, निरनिराळे डॉक्टर आणि निरनिराळे उपचारक यांच्याकडे जातात, असे आधी सांगून मग तो विचारला जातो. आपल्याकडे देवऋषी, दर्गा किंवा गाणगापूरची वारी करून आलेली माणसे शिकलेल्या समुपदेशकासमोर ते लपवतात, कारण रागावले जाण्याची भीती त्यांना असते. प्रश्नाच्या या मांडणीमुळे ती भीती ओसरते. अर्थात, ऐकून घेणे म्हणजे संमती देणे नव्हे. मारहाण, चटके किंवा साखळदंड असे काही समोर आले, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काय सांगतो हे कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. मात्र ते सांगण्याची वेळ येण्यासाठी आधी माणूस मोकळेपणाने बोललेला असावा लागतो.

माझी मुख्य तक्रार आठव्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्या पार्श्वभूमीतील किंवा ओळखीतील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी कोणत्या, असे तो विचारतो. त्याआधीच्या निवेदनात उदाहरणे म्हणून समुदाय, भाषा, मूळ गाव किंवा देश, वंश, लिंगभाव, लैंगिक कल आणि धर्म यांची नावे येतात. जातीचे नाव येत नाही. हा मजकूर अमेरिकेत लिहिला गेला हे समजू शकते, परंतु भारतात वापरताना ही जागा रिकामी ठेवून चालत नाही. वसतिगृहात आडनाव विचारून वेगळे वागवले गेलेला विद्यार्थी किंवा आंतरजातीय विवाहामुळे माहेर तुटलेली स्त्री जेव्हा झोप न लागण्याची तक्रार घेऊन येते, तेव्हा त्या तक्रारीचे मूळ ज्या अनुभवात आहे, तो अनुभव उच्चारण्यासाठी प्रश्नाने जागा करून द्यायला हवी. अन्यथा ती व्यक्ती गावाचे नाव आणि मातृभाषा सांगून गप्प बसते, आणि समुपदेशकाला वाटते की सगळे विचारून झाले. शिवाय थेट 'तुमची जात कोणती' असे विचारणे हा अनेकांसाठी त्याच जुन्या अपमानाचा पुन्हा येणारा अनुभव असतो. म्हणून मी निवेदनातील उदाहरणांत जातीचा उल्लेख तोंडी जोडते आणि त्याविषयी बोलायचे की नाही, केव्हा बोलायचे, हे समोरच्या व्यक्तीवर सोडते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये सेवा देताना भेदभाव न करण्याच्या आधारांत लैंगिक कल, धर्म आणि संस्कृती यांच्यासोबत जातीचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या मुलाखतींतही तो असायला हवा.

या उणिवेवरचा काही उपाय मुलाखतीतच आहे. वेगळ्या पार्श्वभूमीमुळे किंवा वेगळ्या अपेक्षांमुळे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात कधीकधी गैरसमज होतात, तुम्हाला तशी काळजी वाटते का, असे सोळावा प्रश्न विचारतो. भिंतीवरच्या पाटीवर समुपदेशकाचे आडनाव लिहिलेले असते, ते येणाऱ्याने वाचलेले असते आणि त्यावरून त्याने काही अंदाजही बांधलेला असतो. त्या अंदाजाबद्दल बोलण्याची परवानगी देणारा हा प्रश्न आहे. हिंदू समुपदेशकाकडे आलेली मुस्लिम व्यक्ती किंवा आपल्या लैंगिकतेबद्दल बोलावे की नाही या विचारात असलेला तरुण यांच्यासाठीही तो तितकाच महत्त्वाचा ठरतो. उत्तर पुष्कळदा 'नाही, तसं काही नाही' असेच येते, पण काही भेटींनंतर तीच व्यक्ती आपणहून या प्रश्नाकडे वळते, असे मी पाहिले आहे.

मुलाखतीला साधारण अर्धा तास लागतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत तेवढा वेळ मिळणे कठीण आहे. तिथे दुसरा, पाचवा आणि सोळावा एवढे तीन प्रश्न तरी विचारावेत, असे मी सुचवेन. ही मुलाखत मुळात एका व्यक्तीशी बोलण्यासाठी आहे आणि आपल्याकडे तर सासू, नवरा, भाऊ असे सगळेच खोलीत येतात. नातेवाइकांसाठी १७ प्रश्नांची वेगळी आवृत्ती आहे, पण दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी वापरू नयेत, विशेषतः सुनेचे म्हणणे सासूच्या देखत विचारू नये. याशिवाय १२ पूरक भाग आहेत. त्यांपैकी स्थलांतरित आणि निर्वासितांसाठीचा भाग परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल. वृद्धांसाठीचा आणि रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठीचा भाग तर इथेही रोज लागतो.

मुलाखतीचा मूळ इंग्रजी मजकूर असोसिएशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. नव्याने व्यवसायात आलेल्या समुपदेशकांनी तो आधी एखाद्या सहकाऱ्यासोबत मराठीतून मोठ्याने म्हणून पाहावा, आपल्या भागातल्या बोलीत बसवावा आणि मगच वापरायला घ्यावा. प्रश्नांचा क्रम बदलला तरी चालतो, मात्र हातात कागद धरून रकाने भरल्यासारखे ते विचारले, तर उत्तरेही रकान्यात मावतील एवढीच मिळतात.