झाडावरची चिठ्ठी आणि बुटांचे माप

पुण्याच्या लष्कर भागात, महात्मा गांधी रस्त्यालगतच्या एका कापड दुकानात, २०२४ च्या १ डिसेंबरला, म्हणजे ख्रिस्ती पंचांगातील आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नाताळचे एक पुरुषभर उंचीचे झाड उभे राहिले आणि त्याला घंटा-चांदण्यांच्या जोडीने दीडशेच्या आसपास चिठ्ठ्या टांगण्यात आल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक क्रमांक, मुलाचे वय, मुलगा की मुलगी एवढा तपशील आणि त्याला हव्या असलेल्या दोन वस्तू लिहिलेल्या होत्या. आपण चिठ्ठी उतरवायची, वहीत नाव व फोन नंबर नोंदवायचा, हजार रुपयांच्या आत बसतील अशा बेताने त्या वस्तू घ्यायच्या आणि १५ डिसेंबरपर्यंत त्याच दुकानात आणून द्यायच्या. तेथून पुढे शहरातील एक सेवाभावी संस्था त्या वस्तू बालगृहांतील आणि वस्त्यांमधील अभ्यासिकांतील मुलांना नाताळच्या आत पोहोचवते. या सेवेचा आमच्या घराला जो अनुभव आला तो येथे सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे ती मला माणसांपेक्षा पद्धतीची वाटते.

मूळ कल्पना अमेरिकेतली आहे. व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथे १९७९ साली मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवाभावी संघटनेतील चार्ल्स व शर्ली व्हाइट या अधिकारी दांपत्याने मुलांच्या गरजा देवदूतांची चित्रे असलेल्या कार्डांवर लिहून ती कार्डे एका मॉलमधील नाताळच्या झाडाला लावली, आणि त्यावरून ‘एंजल ट्री’ हे नाव रूढ झाले. आमच्या येथील झाडावर देवदूतांऐवजी आकाशकंदिलाच्या आकारात कापलेली कार्डे होती. दिवाळी संपून महिना झालेला असताना ते कंदील पाहून मला बरे वाटले; सासूबाईंना मात्र ती उरलेल्या मालाची विल्हेवाट वाटली.

एका गोष्टीबद्दल पुणेकर म्हणून बोलल्यावाचून राहवत नाही. कार्डाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘इच्छापत्र’ असे छापलेले होते. मराठीत इच्छापत्र म्हणजे मृत्युपत्र, आणि ‘इच्छापत्र, वय वर्षे ८’ हे वाचताना काळजाचा ठोका चुकतो. मजकूर आधी इंग्रजीत तयार करून मग तो कोणाकडून तरी मराठीत उतरवून घेतला असावा, असा माझा कयास आहे. ‘मला हवे आहे’ एवढे तीन शब्द पुरले असते.

आमची चिठ्ठी निवडली ती माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने. क्रमांक ४३, मुलगा, वय ८, ‘काळे शाळेचे बूट (वेल्क्रोचे), फुटबॉल’. तिने ती का निवडली हे विचारल्यावर ‘तो माझ्याहून लहान आहे आणि त्याला फुटबॉल पाहिजे’ असे सरळ उत्तर मिळाले. झाडाजवळच्या बाईंनी वहीत नोंद केली, चिठ्ठीची एक बाजू फाडून स्वतःजवळ ठेवली आणि आम्हाला छापील सूचनांचा कागद दिला. ही व्यवस्था चोख होती. दोन कुटुंबांच्या हाती एकच मूल जाऊ नये आणि कोणी चिठ्ठी नेऊन विसरले तर त्याला फोन करता यावा, ही त्यामागची सोय उघड आहे. १२ तारखेला आम्हाला आठवणीचा फोन आलाही.

घोटाळा घरी आल्यावर लक्षात आला. चिठ्ठीवर बूट होते, पण बुटांचा नंबर नव्हता. आठ वर्षांच्या मुलांच्या पायांत दोन-तीन नंबरांचा फरक सहज असतो, आणि आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापांत तर मुलांचे नंबर १३ पर्यंत चढून पुन्हा १ पासून सुरू होतात, त्यामुळे अंदाजाने घेतलेला बूट चुकण्याचीच शक्यता अधिक. सूचनांच्या कागदावरील क्रमांकावर फोन केला असता पलीकडच्या तरुणाने ‘साधारण आठ वर्षांच्या मुलाचा घ्या ना, मॅडम, सगळे तसेच घेतात’ असे सांगितले. सगळे तसेच घेत असतील तर दरवर्षी किती बूट फळीवर पडून राहत असतील, असा प्रश्न माझ्या मनात आला व मी तो त्याला विचारलाही. त्यावर त्याने ‘विचारून कळवतो’ म्हणून फोन ठेवला आणि चार दिवस काहीच कळवले नाही. पाचव्या दिवशी मी पुन्हा फोन केला तेव्हा तो दुसऱ्या एका बाईंनी घेतला, माझे म्हणणे ऐकून घेतले आणि ‘मी त्याच्या पायाचा कागदच मागवते’ असे म्हणाल्या.

तो कागद दोन दिवसांनी दुकानात आला. एकेरी वहीचे पान, त्यावर पेन्सिलीने गिरवलेली दोन पावले. डाव्या पावलाची टाच पानाच्या कडेबाहेर गेल्यामुळे अर्धवट राहिली होती. उजवे पाऊल मात्र पूर्ण होते आणि अंगठ्यापाशी पेन्सिल थांबून पुन्हा चालल्याची जाड खूण होती. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, वेगळ्या आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले होते, ‘लेसचे पन चालतील’. ते पान माझ्या मुलीने जमिनीवर ठेवले, त्यावर आपला पाय ठेवून पाहिला आणि ‘माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे’ असे जाहीर केले. लेसची ती ओळ सासूबाईंनी दोनदा वाचली. वेल्क्रोचे बूट महाग असतील आणि त्यापायी ते मिळणारच नाहीत अशी धास्ती त्या पोराला वाटली असावी, असे त्यांचे म्हणणे पडले. मुलीच्या मते तो मधल्या काळात गाठ मारायला शिकला होता. या प्रश्नाचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

लक्ष्मी रस्त्यावरील बुटांच्या दुकानात आम्ही तो कागदच नेला. विक्रेत्याने उजव्या पावलावर पट्टी ठेवली, साडेवीस सेंटिमीटर भरले, त्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा धरली आणि १ नंबरचा वेल्क्रोचा जोड काढून दिला. मी अंदाजाने १२ नंबर घेणार होते. बूट ६४९ रुपयांना पडले आणि ४ नंबरचा फुटबॉल, जो आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी योग्य मानला जातो, तो ३२० ला. उरलेल्या ३१ रुपयांत मोज्यांचा जोड काही आला नाही, तो वरचे पैसे घालून घेतला.

वस्तू जमा करण्याची व्यवस्था मात्र मला वाखाणण्यासारखी वाटली. भेटी रंगीत कागदात गुंडाळून आणू नयेत, कागद वेगळा द्यावा, असा नियम आहे. माझी मुलगी चमकीचा कागद आणि फीत घेऊन बसली होती, त्यामुळे तिचा विरस झाला. पण प्रत्येक वस्तू उघडून पाहिली जाते हे टेबलाशी उभे राहिल्यावर कळते. आमच्या पुढच्या गृहस्थांनी बॅटरीवर चालणारी मोटार आणली होती, तिच्यावर आयएसआयची खूण नव्हती म्हणून ती नम्रपणे परत करण्यात आली. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण १ जानेवारी २०२१ पासून केंद्र सरकारच्या आदेशाने बंधनकारक आहे. गृहस्थ चिडले, ‘फुकट देतोय तरी नखरे’ असे काहीसे पुटपुटले. टेबलावरच्या बाईंनी आवाज न चढवता त्यांना ‘तुमच्या मुलाला ही द्याल का?’ एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी ते दुसरी मोटार घेऊन आले की नाही, हे पाहायला मी नव्हते.

वापरलेल्या वस्तू घेत नाहीत हाही नियम तसाच कडक आहे. माझ्या मुलीला आपली कापडी बाहुली क्रमांक ४३ च्या पिशवीत घालायची होती, म्हणजे त्याला बहीण असल्यास तिला मिळेल. ती परत आली. अमेरिकेतील ‘टॉइज फॉर टॉट्स’ या मोहिमेचा उगम मात्र एका घरगुती बाहुलीतच आहे: १९४७ साली लॉस एंजेलिस येथे मरीन राखीव दलातील मेजर बिल हेन्ड्रिक्स यांच्या पत्नी डायन यांनी हाताने बाहुली शिवली, ती गरजू मुलाला पोहोचवणारी संस्था शोधण्यास नवऱ्याला सांगितले, आणि तशी संस्था मिळत नाही असे कळल्यावर ती त्यांनीच सुरू करावी असे सुचवले. त्या पहिल्या वर्षी पाच हजार खेळणी जमली. ही हकीकत मी मुलीला सांगितली आणि ती माझ्यावरच उलटली, कारण ‘मग त्यांची चालली, माझी का नाही?’ या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. डायनबाईंची बाहुली नवी होती, हे मला रात्री सुचले.

अनेक पालकांची या सेवेबद्दल जी मुख्य तक्रार मी दुकानात ऐकली ती अशी की मुलाला भेटू देत नाहीत, फोटो पाठवत नाहीत, नावही सांगत नाहीत. आपल्या मुलांना ‘देण्याचा आनंद’ दिसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. सुरुवातीला मलाही तसेच वाटले होते. आता वाटत नाही. बालगृहातील मुले ही २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या भाषेत काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके आहेत, आणि अशा मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास त्या अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने मनाई केली आहे; तसे केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरातल्या गटावर टाकलेला फोटो कोठवर पोहोचतो हे आपण सगळेच जाणतो. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या आठ वर्षांच्या मुलाने बूट मागताना ‘लेसचे पण चालतील’ अशी पुरवणी जोडली, त्याला अनोळखी कुटुंबासमोर उभे करून नवे बूट घालायला लावावे, हसायला लावावे, ही कल्पना मला आता सहन होत नाही. या मुद्द्यावर संस्था एक पाऊलही मागे सरकत नाही, आणि याच एका कारणासाठी मी तिला पूर्ण गुण देईन.

१५ तारखेला वस्तू देऊन निघताना झाडावर एकवीस चिठ्ठ्या उरलेल्या होत्या. मी त्या वाचल्या. सतरा चिठ्ठ्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या होत्या: मनगटी घड्याळ, पाठीवरची सॅक, दाढीचे सामान, ‘कुर्ती, साइज एम’. झाडाशी येणारी बहुतेक कुटुंबे लहान मुलांची, आणि आपल्या मुलाच्या वयाची चिठ्ठी शोधणे हा मनुष्यस्वभाव. आम्हीही तेच केले. पण दाढी फुटू लागलेल्या मुलाची चिठ्ठी शेवटच्या दिवसापर्यंत झाडावर लटकत राहावी हे काही ठीक नव्हे. चिठ्ठी निवडू न देता वहीतील क्रमाने हाती द्यावी, असे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले आहे. उरलेल्यांची खरेदी संस्था स्वतः करते असे मला सांगण्यात आले, आणि त्यासाठी रोख वा ऑनलाइन पैसे स्वीकारले जातात. ज्यांना वेळ नाही त्यांनी तो मार्ग घ्यावा. वस्तुरूप देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे. आम्हाला मिळाली ती केवळ पोच होती.

दुसरी उणीव वर्षभराच्या मदतीची. नोंदणीच्या कागदावर अगदी तळाशी, बारीक टायपात, ‘मासिक शैक्षणिक साहाय्य’ असा एक चौकोन आहे. त्याबद्दल मी विचारले तेव्हा टेबलावर कोणालाच नीट माहिती नव्हती. याच शहरात १८९० साली पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून आले, आणि त्यामागे बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन होते. वर्षाला थोडीथोडकी वर्गणी देणाऱ्या दूरदेशीच्या लोकांवर एक शाळा उभी राहिली. डिसेंबरात घेतलेले १ नंबरचे बूट जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा त्याला होणार नाहीत, हे कोणतीही आई सांगेल. तो चौकोन कागदाच्या माथ्यावर हवा.

रविवारी जाणाऱ्यांनी गाडी नेऊ नये. नाताळच्या तोंडावर लष्करात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि ईस्ट स्ट्रीटवर बिस्किटांसाठी लागलेल्या रांगेतून वाट काढावी लागते. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकान रिकामे असते आणि टेबलावरच्या बाई शांतपणे बोलतात.

२६ डिसेंबरला फोनवर संदेश आला, ‘क्र. ४३, पोहोचले, माप बरोबर’. पावलांचे ते पान आमच्याकडे नाही. मुलीला ते ठेवायचे होते; परंतु चिठ्ठी आणि मुलाकडून आलेला कोणताही कागद वस्तूंसोबत परत करावा असा सूचनांत सातवा नियम आहे, म्हणून बुटांच्या खोक्यात, मोज्यांच्या खाली, आम्ही ते घडी घालून ठेवले होते.