जुनी रॅले विलायतेची की आसनसोलची: नंबर बघायचा की हब?

सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणकडे अजून कुणाच्या तरी पडवीत काळी, रॉड ब्रेकवाली रॅले कंपनीची सायकल भिंतीला टेकून असते, आणि विकायची म्हटली की मालक हमखास सांगणार, "इंग्लंडाची आसा ही, आज्यान हाडलेली", आणि पुरावा काय तर फ्रेमवरचा नंबर. अहो पण नंबर सगळ्याच सायकलींवर असतो, बंगालात आसनसोलला बनलेल्या सेन-रॅलेवरही, म्हणजे रॅलेच्या भारतीय भावंडावरही, असतो. जादा पैसे मोजायचे असतील तर नंबर, हब (चाकाच्या मधला तुंबा), समोरचा कंपनीचा बिल्ला आणि बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीचे) आटे यातलं कोण किती खरं बोलतं ते आधी बघा.

नंबर कुठे सापडतो तर सीटची दांडी फ्रेममध्ये शिरते त्या जोडावर, नाहीतर सायकल उलटी करून बीबीच्या खाली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिथे गंजाचे पापुद्रे असतात, म्हणून पॉलिश पेपरने घासू नका, जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून हळूहळू साफ करा आणि वर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, नाहीतर ३ आणि ८ मधला फरकच कळत नाही. नंबर १९७३ नंतरच्या पद्धतीचा असेल तर सोपं आहे, पहिलं अक्षर कारखान्याचं (एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप), दुसरं महिन्याचं आणि त्यापुढचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक. म्हणजे ५ दिसला तर १९७५ किंवा १९८५, दशक कुठलं ते बाकी सायकलीवरून ठरवायचं. पण आज्याची सायकल त्याच्या कितीतरी आधीची असते हो! त्या काळचे रॅलेचे नंबर वर्षाप्रमाणे सरळ चढत गेलेले नाहीत, त्यामुळे नेटवरच्या तक्त्यात नंबर टाकून कुणी "१९५२ चीच आहे" असं छातीठोक सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

आता हब. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गिअरचा हब असेल तर नंबर बाजूला ठेवा आणि आधी तो पुसा. त्यावर एडब्ल्यू हे मॉडेलचं नाव आणि शेजारी बारीक आकडे ठोकलेले असतात, ५४ आणि ७ असेल तर जुलै १९५४. हा हबचा जन्म, सायकलचा नव्हे, पण सायकल साधारण त्याच वर्षी नाहीतर पुढच्या वर्षी जुळवलेली असते. माझ्या मते इतका सरळ पुरावा दुसरा नाही. अडचण दोनच, एक म्हणजे चाक बदललेलं असू शकतं, आणि दुसरी मोठी, आपल्याकडच्या बहुतेक सायकली बिनगिअरच्या, त्यांना हा हबच नसतो.

समोरच्या बिल्ल्यावर मी सगळ्यात कमी भरवसा ठेवतो, दोन स्क्रू काढले की बदलता येतो. शिवाय नावंही घोळ घालतात. हंबर, रज, बीएसए या दुसऱ्या इंग्लिश सायकल कंपन्या, त्यातली हंबर १९३२ ला आणि रज १९४३ ला रॅलेकडे गेली, बीएसएचा सायकल धंदा १९५७ ला, त्यामुळे बिल्ला बीएसएचा आणि कारखाना रॅलेचा असं होऊ शकतं. त्यात मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स कंपनीने आधी हर्क्युलस आणि मग फिलिप्स, बीएसए बनवल्या, म्हणजे नाव विलायती आणि गाडी मद्रासी. (नगरपालिकेचा जुना पितळी लायसन्स बिल्ला लटकत असेल तर सांभाळून ठेवा, पण त्यावरून सायकल कुठे फिरली तेवढंच कळतं.)

बीबीचे आटे कुणी बघत नाही, तेच बघायला पाहिजेत. या जुन्या सायकलींत रॅलेने स्वतःचे आटे ठेवले, इंचाला २६, आणि बीएसएसकट बाकीच्यांचे २४. नाक्यावरच्या सायकलवाल्याला बीबीचा कप (बाजूची आटेवाली वाटी) उघडायला सांगा आणि आटेमापकाने मोजा. २४ निघाले आणि समोर रॅलेचा बिल्ला असेल तर फ्रेम कुणा दुसऱ्याची असू शकते. फक्त २६ निघाले म्हणून ती इंग्लंडचीच असं मात्र नाही, रॅले घराणं एवढंच कळलं. चेनव्हीलमध्ये (पेडलजवळच्या दातेरी चक्रात) बगळ्याची डोकी कापलेली असतील तर तेही रॅलेचंच, पण चेनव्हील बदलणं बिल्ल्यापेक्षा थोडंच अवघड.

मग विलायती की आसनसोल? सेन-रॅलेचा कारखाना पन्नाशीच्या दशकात सुरू झाला, म्हणून हब १९४० च्या आसपासचा निघाला तर प्रश्नच मिटला. पन्नाशीतला असेल तर सायकल कुठून आली ते विचारा, कारण गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे, म्हणजे भारताबाहेर होता आणि तिकडून बांदा-सावंतवाडीकडे आलेली सायकल इंग्लंडची असू शकते. हे निव्वळ ऐकीव म्हणून धरायचं, जोडीला हब किंवा आटे हवेतच.

संग्रहासाठी घेत असाल तर हबवरचं वर्ष, रॅलेचे आटे आणि वाचता येणारा नंबर तिन्ही जुळल्याशिवाय विलायती भाव देऊ नका. रोज बाजारात न्यायची असेल तर मी बिनगिअरची सेन-रॅलेच घेईन, कॉटर पिन, कोन, छर्रे गावातल्या सायकलवाल्याकडे मिळतात आणि पावसात बाहेर भिजली तरी जीव जळत नाही. आणि दोन्हीपैकी कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी सीटची दांडी उपसून आत बॅटरी मारा, समुद्रकाठची फ्रेम आतून खाल्लेली असेल तर नंबर नॉटिंगहॅमचा असून उपयोग काय.