न थांबणारी तार: ई-बो, सस्टेनिॲक आणि पंख्याच्या तारेचा घरगुती ड्रायव्हर

कौल आधीच सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा सूर हवा तेवढा वेळ धरून ठेवायचा असेल आणि सोलापुरात बसून एकच वस्तू मागवायची असेल, तर ई-बो, म्हणजे हातात धरून तार चुंबकाने हलती ठेवणारा डबा, मागवा. गिटारच्या ब्रिजपाशी हंबकर (तारेची हालचाल विजेत बदलणारा दोन कॉइलचा पिकअप) असेल, एका गिटारवर कायमचं काम करायची तयारी असेल, तर सस्टेनिॲक, म्हणजे गिटारच्या आतच बसवायचं तसंच यंत्र. खिशाला ताण नको आणि सोल्डरिंगचा हात बसलेला असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे तार ढकलणारी कॉइल, स्वतः बनवा. यंत्रमागांच्या या शहरात मोटर आणि पंखे रिवाइंड करणारी दुकानं भरपूर असल्यामुळे त्याची तार शोधत फिरावं लागत नाही.

आधी एक भेद लक्षात घ्यायला हवा, कारण जाहिरातींमध्ये सगळ्यालाच ‘इन्फिनिट सस्टेन’ म्हणतात. काही यंत्रं तार खरोखर हलती ठेवतात, काही फक्त तिच्या आवाजाची प्रत फिरवत बसतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा फ्रीझ आणि लाटव्हियातल्या गेमचेंजर ऑडिओचा प्लस पेडल दुसऱ्या जातीचे. पायाने दाबलं की त्या क्षणाचा आवाज पकडला जातो आणि तोच वाजत राहतो. खाली षड्ज-पंचमाची गादी अंथरून वर वाजवायला दोन्ही उत्तम. प्लस तर पियानोच्या पेडलसारखाच पायाखाली बसतो. पण पकडलेल्या सुराला मींड घेता येत नाही, तार ओढून तो चढवता येत नाही. ज्याला गिटारवर सारंगीचा अंदाज हवा आहे, त्याचा प्रश्न यांनी सुटत नाही.

तार खरोखर हलती ठेवायचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे ॲम्पचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरच्या आवाजानेच तार पुन्हा हलवणं. गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने १९७७ मध्ये गायक डेव्हिड बोवीच्या रेकॉर्डिंगसाठी तो असा साधला की कित्येकांना आजही तो ई-बो वाटतो. तिथे ॲम्पपासूनचं अंतर बदललं की अडकणारा सूर बदलतो, म्हणून प्रत्येक सुराची जागा जमिनीवर ठरवून ठेवावी लागते. शिवाय ॲम्प चांगलाच मोठा लागतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या पेठेतल्या घरात हे शक्य नाही, आणि रात्री १० नंतर तर नाहीच. पुढची तिन्ही साधनं हेडफोन लावूनही तितकीच चालतात, आणि घरी रियाज करणाऱ्यासाठी हा फार मोठा फायदा आहे.

तिघांचं तत्त्व एकच. एक कॉइल तारेची हालचाल ऐकते, छोटा ॲम्प ती वाढवतो, दुसरी कॉइल चुंबकाने तार ढकलते. पिकअपचं व्होल्टेज तारेच्या वेगाच्या प्रमाणात असतं. धक्का त्याच वेगाच्या दिशेने बसला तर तारेला ऊर्जा मिळते आणि सूर टिकतो. उलट दिशेने बसला तर मूळ सुराला ब्रेक लागतो आणि तार एखाद्या वरच्या हार्मोनिकवर (मूळ सुराच्या पटीतल्या उंच सुरावर) उडी मारते. म्हणजे ‘हार्मोनिक मोड’ नावाची जी चैन मिळते, तिच्या मुळाशी मुख्यतः ड्राइव्हची दिशा उलटवणंच असतं.

ई-बो अमेरिकेतल्या ग्रेग हीट यांनी १९६९ मध्ये शोधला आणि १९७६ मध्ये बाजारात आला. मुठीत मावणारा डबा, आत ९ व्होल्टची बॅटरी, एका टोकाला ऐकणारी कॉइल आणि दुसऱ्या टोकाला ढकलणारी. गिटारमध्ये एकही स्क्रू काढावा लागत नाही. खाली दोन खाचा आहेत. त्या शेजारच्या दोन तारांवर टेकवायच्या, म्हणजे मधली तार बरोबर कॉइलखाली येते. ई-बोच्याच सध्याच्या ‘प्लस’ नावाच्या मॉडेलमध्ये साधा आणि हार्मोनिक असे दोन मोड आहेत, आणि निळा एलईडी तारेवर उजेड टाकतो.

नवशिका इथे दोन ठिकाणी अडतो. पहिलं म्हणजे जाड तार लवकर उठत नाही. ६ नंबरच्या तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झचा. तिच्यात वस्तुमान जास्त, म्हणून ती पूर्ण हलायला वेळ घेते. ई-बो टेकवून वाट पाहत बसू नका. डाव्या हाताच्या बोटाने हलका हॅमर (तारेवर बोटाचा ठोका) द्या किंवा खाच टेकवतानाच तार किंचित हलू द्या. तिसऱ्या-चौथ्या तारेवर ही अडचण जवळपास नसते, म्हणून सराव तिथूनच सुरू करा. दुसरं म्हणजे पहिल्या आणि सहाव्या तारेला शेजार एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी खाच हवेत राहते आणि डबा कलंडतो. मनगट गिटारच्या बॉडीवर टेकवलं की तो स्थिर होतो. याला दुसरा उपाय नाही, सवयच लागते.

आवाजाची खरी मजा जागेत आहे. नेक पिकअप चालू ठेवा आणि ई-बो फ्रेटबोर्डच्या टोकापाशी धरा, सूर बासरीसारखा गोल येतो. हळूहळू पिकअपकडे सरका, आवाज वाढत आणि धारदार होत जातो. थेट पिकअपवर आलात तर कॉइलचं चुंबकीय क्षेत्र सरळ पिकअपमध्ये घुसतं आणि सूर एकदम उसळतो. ही सरकच तुमचा गज आहे. व्हॉल्यूमला हात न लावता सूर फुलवता आणि मिटवता येतो. यमनातला तीव्र मध्यम पंचमाकडे नेताना डावं बोट तारेवर घासत जातं आणि उजवा हात त्याच वेळी दोन सेंटिमीटर सरकतो. एवढं जमलं की हे यंत्र कशासाठी आहे ते हाताला कळतं. ई-बोचा सूर मुळात फार साफ असतो, त्यामुळे थोडा ओव्हरड्राइव्ह लावला की त्याला अंग येतं. एका वेळी एकच तार वाजते ही त्याची मर्यादा, आणि उजव्या हातात प्लेक्ट्रम धरता येत नाही ही दुसरी.

टक-टक किंवा खरखर ऐकू आली तर यंत्राला दोष देण्याआधी तारांची उंची पाहा. सतत ढकललेली तार नेहमीपेक्षा जास्त फिरते, आणि ॲक्शन फार खाली असेल तर ती फ्रेटवर किंवा ई-बोच्या पोटावर आपटते. ब्रिज किंचित वर घेतला की आवाज जातो. नायलॉनच्या तारांवर ई-बो चालणार नाही. ब्राँझच्या तारा लावलेल्या अकूस्टिकवर चालतो, पण आतल्या पोलादी गाभ्यावरच, म्हणून जोर कमी. बँजो पार्टीतल्या बँजोवर लावून पाहायचा मोह होतो. पोलादी तार तत्त्वतः चालते, पण तिथल्या तारा इतक्या जवळ असतात की खाचांना टेकू मिळत नाही.

टीसी इलेक्ट्रॉनिकचा एऑन याच घडणीचा आणि किमतीने स्वस्त. हार्मोनिक मोड नाही. फक्त लांब सूर हवा असेल तर तो घ्यायला हरकत नाही, पण फरकाचे पैसे साठवता येत असतील तर थांबून ई-बोच घ्यावा.

सस्टेनिॲक ही वेगळी पायरी. नेक पिकअपच्या जागी ड्रायव्हर बसतो, ब्रिज पिकअप ऐकतो, सर्किट आणि बॅटरी बॉडीच्या पोकळीत जातात. दोन्ही हात मोकळे राहतात, सगळ्या तारांवर चालतं, कॉर्डही तग धरतो. स्टेल्थ प्रोमध्ये मूळ सूर, मिश्र आणि हार्मोनिक असे तीन मोड आणि ड्राइव्हचा वेगळा पॉट (कमी-जास्त करायची खुंटी) आहे. सस्टेन बंद असताना ड्रायव्हरच नेक पिकअपचं काम करतो. हा ड्रायव्हर ॲक्टिव्ह असल्यामुळे तुमच्या जुन्या नेक पिकअपचा आवाज मात्र परत मिळत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा.

ब्रिजला हंबकर हवाच. सिंगल कॉइल असेल तर ड्रायव्हरचं चुंबकीय क्षेत्र हवेतूनच तिच्यात शिरतं, तारेची गरजच न पडता फेरा पूर्ण होतो आणि चिरकणारी शिट्टी सुरू होते. ड्राइव्ह कमी करून शिट्टी थांबते, पण मग सूरही टिकत नाही. तीन सिंगल कॉइलची गिटार असेल तर ब्रिजला त्याच मापाचा छोटा हंबकर बसवण्याचा खर्च हिशोबात धरा. जोडणी झाल्यावर मूळ सुराच्या मोडमध्येच सूर हार्मोनिकवर उडत असेल, तर ब्रिज पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या आहेत, अदलाबदल करा. पोकळी खोदायची वेळ आली तर ते काम साध्या सुताराकडे देऊ नका. जपानच्या फर्नांडिस कंपनीचा सस्टेनर (याच जातीचं यंत्र) बसवलेली जुनी गिटार कुणी देऊ केली तर पूर्ण वाजवून पाहून मगच घ्या. कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आहे, सुट्या भागांचा भरवसा धरता येणार नाही.

आता घरगुती ड्रायव्हर. पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: नेकचा जुना पिकअपच ड्रायव्हर म्हणून का नाही वापरायचा? कारण त्याच्यात हजारो फेरे असतात आणि रोध ५ ते ८ हजार ओहम. ९ व्होल्टवर त्यातून मिलिअँपिअरच्या आसपासही प्रवाह धड जात नाही, आणि इंडक्टन्स इतका की वरच्या सुरांना धक्का उशिरा पोचतो. हवी असते ती ८ ओहमची, पातळ, मोजक्या फेऱ्यांची कॉइल.

तार घेताना बहुतेकांचा घोळ होतो. परदेशी सर्किटच्या नकाशांत ३२ गेज लिहिलेलं असतं, ते अमेरिकन माप, म्हणजे ०.२ मि.मी. आपल्याकडचं वाइंडिंगचं दुकान एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश माप, मोजतं. तिथे ३२ नंबर मागितलात तर ०.२७ मि.मी.ची तार हातात पडेल, आणि तेवढ्याच फेऱ्यांत रोध निम्मा, म्हणजे ४ ओहमच्या आसपास येईल. छोटा ॲम्प तापेल. ३६ नंबर मागा, म्हणजे ०.१९ मि.मी. पंखा भरणाऱ्याकडे ती असतेच. लागते साडेतेरा-चौदा मीटर, वजनात जेमतेम ४ ग्रॅम. दुकानदार तोळामासा तोडून देणार नाही, छोटं रीळच घ्या.

गाभ्यासाठी ३ मि.मी. जाडीची, साधारण ५५ मि.मी. लांब साध्या लोखंडाची पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घ्या. ती सहाही तारांखाली पुरते का ते गिटारवर ठेवून आधी पाहा. पट्टीच्या दोन बाजूंना पुठ्ठ्याचे किंवा ॲक्रिलिकचे पाखे, मध्ये ३ मि.मी. जागा, खाली जुन्या स्पीकरमधला फेराइट चुंबक. ११० ते १३० फेऱ्यांत रोध ८ ओहमपाशी येतो. फेरे मोजण्यापेक्षा मल्टीमीटर लावा, आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचे अर्धा ओहम वजा करायला विसरू नका. प्रत्येक थरावर फेव्हिकॉल लावत भरा आणि पूर्ण वाळू द्या. फेरे एकमेकांशी हलले की कॉइल माइकसारखी वागते आणि शिट्टी देते. मेणबत्तीचं मेण वापरू नका. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारमध्ये ते मऊ पडेल.

सर्किटला एलएम ३८६ (छोट्या ॲम्पची आयसी) पुरतो, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळेल. त्याचा इनपुट ५० किलोओहमचा असल्याने पिकअप थेट जोडला तर गिटारचा आवाज दबतो. म्हणून आधी टीएल ०७१ या आयसीचा बफर (पिकअपवर भार न येऊ देणारा टप्पा) घ्या, इनपुटला १ मेगाओहम. नंतर १० किलोओहमचा पॉट. १ आणि ८ नंबरच्या पायांत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की वाढ २०० पट होते, काहीच न जोडता २० पट. आधी २० वर चालवून पाहा. आउटपुटला बरेच नकाशे २२० मायक्रोफॅरड दाखवतात. ८ ओहमवर त्याची सीमा, जिच्याखाली जोर घटत जातो, ९० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे ६ नंबरची मोकळी तार नेमकी तिथेच मार खाते. ४७० लावा. आउटपुटपासून जमिनीला (ग्राउंडला) १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकामागे एक जोडा, नाहीतर आयसी स्वतःच थरथरते. पुरवठ्याच्या दोन टोकांत १०० मायक्रोफॅरड असू द्या, आणि कॉइलची जमीन थेट बॅटरीपाशी न्या, जॅकपाशी नको.

ड्रायव्हर चालू असताना बाकीचे पिकअप दोन्ही तारांसकट तुटले पाहिजेत. नुसती गरम (सिग्नलची) तार तोडून चालत नाही, कारण जमिनीला लटकलेली कॉइलही क्षेत्र पकडून शिट्टी देते. त्यासाठी चार पोलचा स्विच लागतो. स्विच टाकताना ‘ठक्’ होतो तो घरगुती सर्किटमध्ये पूर्ण जात नाही. रेकॉर्डिंगमध्ये सूर सुरू होण्याआधीच स्विच टाकून ठेवा.

बॅटरी तिन्ही साधनांना ९ व्होल्टचीच. टॉर्च-रिमोटसाठी मिळणारी स्वस्त झिंक-कार्बन बॅटरी घेऊ नका. तिचा आतला रोध जास्त असल्यामुळे प्रवाह खेचला की व्होल्टेज बसतं आणि सगळ्यांत आधी जाड तारा उठायच्या थांबतात. अल्कलाइन मागा. ई-बो मंद वाटू लागला तर दुरुस्तीचा विचार करण्याआधी ताजी अल्कलाइन घालून तिसऱ्या तारेवर लावून पाहा. तिथे सूर लगेच उठला तर यंत्र ठीक आहे.