महिना शंभर डॉलर : हार्पर सरकारच्या बालसंगोपन भत्त्याचे परीक्षण

सरकारी योजनेचे परीक्षण ती वापरणाऱ्याने लिहावे, असा आपल्याकडे फारसा प्रघात नाही. पण जी सेवा दर महिन्याला आपल्या खात्यात जमा होते, जिच्यावर घरखर्चाचा मेळ बसवला जातो आणि जिची किंमत आपण करातून मोजतो, तिच्याकडे ग्राहकाच्या नजरेने पाहणे मला योग्य वाटते. कॅनडाचे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी जुलै २००६ मध्ये सुरू केलेला ‘युनिव्हर्सल चाइल्ड केअर बेनिफिट’ आणि त्याच्या जोडीने आलेल्या करसवलती आम्ही टोरंटोजवळच्या मिसिसागामध्ये दोन मुले वाढवताना वापरल्या. आमचा मुलगा २००७ मध्ये आणि मुलगी २०११ मध्ये जन्मली, त्यामुळे या सेवेचा जवळजवळ संपूर्ण कार्यकाळ आमच्या घराने अनुभवला आहे.

प्रथम तिचे गुण सांगितले पाहिजेत. सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे महिना १०० डॉलर, तेही कोणत्या पाळणाघराची पावती न मागता, मिळत असत. आई घरी राहो, आजी-आजोबा मूल सांभाळोत किंवा शेजारीण सांभाळो, भत्ता तोच होता. निवड पालकांची असावी, हा हार्पर यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. २००५ च्या डिसेंबरात लिबरल पंतप्रधान पॉल मार्टिन यांच्या एका सल्लागाराने हे पैसे पालक बिअर आणि पॉपकॉर्नवर उडवतील असे विधान केले, तेव्हा असंख्य पालकांना तो आपला अपमान वाटला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्या घरी ते शंभर डॉलर दुधावर, लंगोटांवर आणि थंडीच्या बुटांवर खर्च झाले.

परंतु योजनेच्या नावात ‘चाइल्ड केअर’ हे शब्द होते, आणि परीक्षण करायचे तर त्या शब्दांना धरूनच करावे लागते. मार्टिन सरकारने २००५ मध्ये प्रांतांशी पाळणाघरांविषयी करार केले होते आणि त्यांसाठी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर देऊ केले होते. हार्पर यांनी सत्तेवर येताच ते करार गुंडाळले आणि त्यांच्या जागी हा मासिक भत्ता आणला. २०१४ मधील एका पाहणीत टोरंटोत तान्ह्या मुलाच्या पाळणाघराचा खर्च महिना दीड हजार डॉलरच्याही वर गेलेला दिसतो, तर शेजारच्या क्वेबेक प्रांतात १९९७ पासून पालकांना दिवसाला मोजके डॉलर भरून मूल ठेवता येत होते. आमच्या मुलीसाठी आम्ही घराजवळच्या एका पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत नाव घातले, ते तिच्या जन्माच्याही आधी, आणि जागा मिळाली तेव्हा ती चालायला लागली होती. दीड हजाराच्या बिलापुढे शंभर डॉलर ही मदत आहे, हे मी नाकारत नाही. पण शंभर डॉलर हातात दिल्याने जी जागा अस्तित्वातच नाही ती निर्माण होत नाही. २००६ च्या प्रचारात सव्वा लाख नव्या जागांचे आश्वासन दिले होते. त्या जागा मालकवर्गाने कामाच्या ठिकाणी उभाराव्यात म्हणून पुढे सवलतही देऊ करण्यात आली, पण तिला प्रतिसाद अगदी थोडा मिळाला आणि आश्वासन तिथेच विरले.

आणखी एक दोष हिशेबात लपलेला होता, आणि तो मला पहिल्या वर्षी रिटर्न भरताना कळला. भत्ता करपात्र होता, आणि नवराबायकोंपैकी ज्याचे उत्पन्न कमी त्याच्या नावे तो धरला जाई. याचा परिणाम असा, की एकाचा पगार गलेलठ्ठ आणि दुसरा घरी, अशा कुटुंबाला त्यावर जवळजवळ कर लागत नसे; उलट ज्या घरात दोघेही मध्यम पगारावर राबत असत, आणि म्हणून ज्यांना पाळणाघराची खरी गरज होती, त्यांच्या हातातून त्यातला काही भाग परत जाई. योजना ज्याच्यासाठी आहे असे सांगितले जाते आणि ज्याला तिचा सर्वाधिक लाभ होतो, तो माणूस एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय तिची पारख होत नाही. इथे तो एक नव्हता.

भत्त्याच्या आगेमागे करसवलतींची रांगच लागली. विक्रीकर ७ टक्क्यांवरून जुलै २००६ मध्ये ६ आणि जानेवारी २००८ मध्ये ५ टक्के झाला. बस-रेल्वेच्या मासिक पासावर सवलत आली. २००७ पासून मुलांच्या खेळाच्या शुल्कावर आणि २०११ पासून चित्रकला-संगीताच्या वर्गांवर सवलत मिळू लागली. मुलाला पोहायला घातले तेव्हा आम्हीही उत्साहाने पावत्या जपल्या. ५०० डॉलरपर्यंतच्या खर्चावर १५ टक्के, म्हणजे फार तर ७५ डॉलर हाती येत असत. ज्यांना कर भरण्याइतके उत्पन्नच नव्हते त्यांना यातले काहीही मिळत नव्हते, कारण २०१५ पर्यंत ही सवलत भरलेल्या करातूनच वजा होत होती. माझ्या ओळखीतली एक आई रात्रपाळीत साफसफाईचे काम करीत असे. तिची दोन्ही मुले कोणत्याच क्लबात जात नव्हती, कारण शुल्क आधी भरावे लागते. ज्या कुटुंबाने मुलाला तसेही हॉकीला पाठवलेच असते, त्याची पाठ या सवलतीने थोपटली, आणि ज्याला पाठवता आले नसते त्याच्यासाठी दार उघडले नाही. मला हे अपघाताने घडलेले वाटत नाही. उपनगरांतली, स्वतःचे घर असलेली, मुलांना शनिवारी सकाळी मैदानावर नेणारी कुटुंबे हार्पर यांच्या पक्षाला हवी होती, आणि सवलतींची कात्री त्यांच्या मापाने चालवली गेली.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पती-पत्नींमध्ये उत्पन्न विभागून दाखवण्याची, म्हणजे जास्त कमावणाऱ्याच्या उत्पन्नाचा काही भाग कमी कमावणाऱ्याच्या नावे धरून कर कमी करण्याची, २,००० डॉलरपर्यंतची सवलत. खुद्द हार्पर यांचे अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये तिच्याविषयी जाहीरपणे शंका व्यक्त केली होती. समाजातल्या काही गटांना तिचा बराच लाभ होईल आणि काहींना जवळपास काहीच होणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. एप्रिलमध्ये फ्लॅहर्टी वारले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस हार्पर यांनी ती सवलत जाहीर केली. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याच्या अंदाजानुसार तिचा फायदा सुमारे १५ टक्के कुटुंबांना होणार होता. ज्या अर्थमंत्र्याने इतकी वर्षे तिजोरी सांभाळली, त्याचा सावध शब्द बाजूला ठेवून निवडणुकीच्या वर्षासाठी अशी योजना पुढे रेटणे, हे मला या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत खेदजनक पाऊल वाटते.

मग जुलै २०१५ उजाडला. भत्ता लहान मुलांसाठी १६० डॉलर झाला होता आणि सहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी नव्याने ६० डॉलर सुरू झाले होते. वाढ जानेवारीपासून लागू होती, पण पैसे मात्र साठवून २० जुलैला एकदम देण्यात आले : लहान मुलामागे ५२० डॉलर, मोठ्यामागे ४२०. देशभरात मिळून ही रक्कम ३ अब्ज डॉलरच्या घरात जात होती, आणि मतदान तीन महिन्यांवर होते. संबंधित खात्याचे मंत्री पियेर पोलीव्हर यांनी हॅलिफॅक्समध्ये ही घोषणा पक्षाचे बोधचिन्ह असलेला शर्ट घालून केली. जनतेच्या पैशावर पक्षाचा शिक्का मारण्याचा तो प्रकार पाहून मला मनापासून राग आला होता. आमच्या खात्यात त्या दिवशी ९४० डॉलर आले. परंतु त्याच वर्षीपासून मुलांमागची जुनी करसवलत, जी वर्षाला सुमारे ३३८ डॉलरची होती, रद्द झाली होती, आणि नव्या पैशावर करही लागणार होता. ही दुसरी बाजू चेकबरोबर कोणी सांगितली नाही. पुढच्या वसंतात रिटर्न भरताना, म्हणजे निवडणूक होऊन गेल्यावर, ती ज्याची त्याला कळणार होती.

प्रचाराच्या अखेरच्या आठवड्यात हार्पर सभांमधून सामान्य कुटुंबांना टेबलावर नोटा मोजायला लावत आणि सोबत गल्ल्याचा खणखणाट वाजवला जाई. लिबरल आले तर एवढे पैसे जातील, असे त्यातून दाखवायचे होते. नऊ वर्षे देशाचा कारभार केलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला मतदाराशी बोलण्यासाठी एवढीच भाषा उरावी, याचे मला दुःख झाले. लायन्स किंवा किवानिस यांसारख्या सेवामंडळांच्या वर्गणीवर करसवलत देण्याचे आश्वासनही त्याच प्रचारातले होते.

आमच्यासारख्या स्थलांतरितांच्या बाबतीत या अनुनयाला आणखी एक पदर होता. २००८ ते २०१३ या काळात इमिग्रेशन खात्याचे मंत्री असलेले जेसन केनी आठवड्याच्या शेवटी गुरुद्वारांत, मंदिरांत आणि सणसमारंभांत हजर असत, आणि आपली दखल घेतली जाते याचे आमच्या मंडळींना अप्रूप वाटे. त्याच काळात, नोव्हेंबर २०११ मध्ये, आईवडिलांना कायमचे बोलावण्याचे नवे अर्ज दोन वर्षांसाठी थांबवण्यात आले. त्याऐवजी आलेला सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांना पाहुणे म्हणून दीर्घ मुक्कामाला येऊ देणारा परवाना, उपयुक्त होता, हे मी मान्य करतो. माझे सासू-सासरे त्यावर पुण्याहून येऊन राहिले आणि मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला ते घरात होते. मात्र त्यासाठी प्रत्येकी एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा विकत घ्यावा लागे, आणि परतीची तारीख कधीच डोक्यावरून उतरत नसे. नागरिकत्वाच्या अर्जाचे प्रक्रियाशुल्कही १०० डॉलरवरून २०१४ मध्ये ३०० आणि २०१५ च्या आरंभी ५३० डॉलर झाले. चार जणांच्या कुटुंबात भत्त्याने दिलेले कुठून परत जाते, ते अशा ठिकाणी दिसत असे.

तरीही या भागाने हार्पर यांना भरभरून दिले होते. २०११ मध्ये मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमधल्या आठही जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या होत्या. २०१५ च्या शरद ऋतूत मात्र तोल सुटला. नागरिकत्वाची शपथ घेताना निकाब घालू न देण्याच्या भूमिकेला जनमत चाचण्यांत मोठा पाठिंबा दिसत होता, म्हणून न्यायालयात दोनदा हार होऊनही सरकारने तो मुद्दा सोडला नाही. २ ऑक्टोबरला हार्पर यांचे मंत्री केली लीच आणि ख्रिस अलेक्झांडर या दोघांनी ‘रानटी सांस्कृतिक प्रथां’ची खबर पोलिसांना देण्यासाठी विशेष फोनलाइनचे आश्वासन दिले. बळजबरीचे विवाह, मारहाण, हे गुन्हे आधीच कायद्याने दंडनीय होते आणि त्यांसाठी पोलिसांचा क्रमांकही होता. त्या फोनलाइनचा खरा अर्थ शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे, एवढाच होता. आमच्या मुलाने, तेव्हा तो आठ वर्षांचा होता, बातम्या ऐकून विचारले की घरात गणपती बसवला तर कोणी फोन करेल का. मी नाही म्हटले. पण त्याला तो प्रश्न पडावा, हे मी हार्पर यांना आजही माफ करू शकलेलो नाही.

१९ ऑक्टोबरला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष १६६ जागांवरून ९९ वर आला आणि त्याची मते ३९.६ टक्क्यांवरून ३१.९ टक्क्यांवर घसरली. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर मिसिसागाच्या सहा आणि ब्रॅम्प्टनच्या पाच, अशा अकराही जागा लिबरलांकडे गेल्या. अलेक्झांडर यांनी आपली जागा गमावली. सगळा दोष या अनुनयाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेलाचे भाव कोसळले होते, हार्पर यांनीच नेमलेले सिनेटर डफी यांच्या खर्चाचा खटला ऐन प्रचारात चालू होता, आणि नऊ वर्षांनी लोकांना बदल हवाच असतो. क्वेबेकमध्ये तर पक्षाच्या जागा पाचांवरून बारावर गेल्या. पण ज्या उपनगरांसाठी हा भत्ता बेतला होता, ज्यांच्या खात्यात तीन महिन्यांपूर्वी पैसे जमा झाले होते, तिथेच सर्वांत मोठी पडझड झाली. आमच्या गल्लीत पैसे सर्वांनी घेतले, कारण ते आपल्याच करातले आहेत हे सर्वांना ठाऊक होते, आणि मत कोणाला द्यायचे ते स्वतंत्रपणे ठरवले.

जुलै २०१६ मध्ये हा भत्ता बंद होऊन ‘कॅनडा चाइल्ड बेनिफिट’ आला. तो करमुक्त आहे आणि उत्पन्न वाढेल तसा कमी होतो. सुरुवातीला कमी उत्पन्नाच्या घरात सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला ६,४०० डॉलरपर्यंत, तर मोठ्यामागे ५,४०० डॉलरपर्यंत मिळत असे. रात्रपाळी करणाऱ्या त्या आईच्या हातात त्या उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पैसे आले, आणि सप्टेंबरात तिची धाकटी मुलगी पहिल्यांदा पोहायला शिकू लागली.