फ्रेंचच्या जोरावर कॅनडा: गावाचा रस्ता की गुणांचा?

फ्रेंच येतं आणि कॅनडात क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेर स्थायिक व्हायचंय, तर मुख्य वाटा दोन. एक्सप्रेस एंट्री, म्हणजे गुणांवर कायम वास्तव्याचं निमंत्रण देणारी कॅनडाची पद्धत. तिच्या फ्रेंच गटात वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही कौशल्यांत एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंच मोजायची पट्टी) ७ लागतं, म्हणजे युरोपीय पट्टीवर साधारण बी२. नोकरी आधी हातात नसली तरी चालते. मार्च २०२५ च्या एका फेरीत ३७९ गुणांपर्यंतच्या (वय, शिक्षण, अनुभव, भाषा यांचे मिळून) उमेदवारांना निमंत्रणं गेली. घोडं अडतं ते बहुधा श्रवणात. टीसीएफ या मान्य फ्रेंच परीक्षेत ३५ मिनिटांत ३९ प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच. हुकलं की हुकलं! (डेल्फ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र इथे चालत नाही, हे अनेकांना फी भरून झाल्यावर कळतं.)

२०२५ मध्ये सुरू झालेल्या फ्रँकोफोन कम्युनिटी इमिग्रेशन पायलट या प्रायोगिक योजनेला, म्हणजे दुसऱ्या वाटेला, एनसीएलसी ५ पुरतं. पण सडबरी, टिमिन्स, केलोना अशा सहाच ठिकाणी, तिथल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी आणि स्थानिक संस्थेची शिफारस हवी. शिवाय वर्षभराचा संबंधित अनुभव. पुण्यात बसून टिमिन्सच्या मालकाला पटवणं सोपं नाही, आणि तिथली थंडी उणे तिशीत जाते.

माझं मत विचाराल तर बी२ आवाक्यात असेल तर पहिलीच वाट धरा. नर्सिंग किंवा खाणकामातला अनुभव असलेल्यांनी मात्र दुसरीकडेही अर्ज टाकून पाहावा.