फ्लोचार्ट, फॉर्म की कार्यवृक्ष? फोनवर बोलणाऱ्या यंत्रणेचा सांगाडा निवडताना

बसची चौकशी घेणारी यंत्रणा घ्या. प्रश्न तीनच: कुठून, कुठे, किती वाजता. फ्लोचार्ट पटकन काढून होतो, पण प्रत्येक प्रश्नाला ‘ऐकू आलं नाही’, ‘कळलं नाही’, ‘बरोबर ना?’ आणि ‘नाही, चुकलं’ या चार चौकटी जोडाव्या लागतात. प्रश्न धरून पंधरा झाल्या. त्यात एखाद्याने एका दमात “स्वारगेटहून कात्रजला, साडेपाचला” म्हटलं, की कोणती माहिती मिळाली आणि कोणती राहिली याच्या आठ शक्यता. चौथा प्रश्न आला की सोळा. पिन विचारून शिल्लक सांगण्यासारखं ठरावीक काम असेल, तरच फ्लोचार्ट घ्या.

फॉर्ममध्ये क्रम लिहावाच लागत नाही. व्हॉइसएक्सएमएल 2.0 (फोनवरचे संवाद लिहिण्याची भाषा, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं 2004 चं मानक) पहिला रिकामा रकाना शोधून त्याचा प्रश्न विचारतं. नवा प्रश्न म्हणजे एक रकाना, एक प्रॉम्प्ट (यंत्रणेने बोलायचं वाक्य) आणि ग्रामरमध्ये, म्हणजे ओळखायच्या उत्तरांच्या नियमांमध्ये, भर. वेळ विचारण्याचा भाग सबडायलॉग (उपसंवाद) म्हणून वेगळा ठेवला, तर तो दुसरीकडेही चालतो. गोची होते ती मध्येच “तिकीट किती?” विचारल्यावर. दुसऱ्या फॉर्ममध्ये जाऊन परत आलं की पहिल्याचे रकाने कोरे होतात. भरलेली उत्तरं फॉर्मबाहेरच्या व्हेरिएबलमध्ये (माहिती साठवायच्या जागेत) जपायला हवीत, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

असे विषयबदल वारंवार होणार असतील तर कार्यवृक्ष, म्हणजे कामाचे भाग-उपभाग झाडासारखे मांडण्याची पद्धत, बरा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रेव्हनक्लॉ या संवाद चालवणाऱ्या प्रणालीमध्ये कामाचं झाड वेगळं आणि ते चालवणारं इंजिन वेगळं असतं. मध्येच आलेला विषय स्टॅकवर (कामांच्या थप्पीवर) चढतो, संपला की आधीचं काम जिथे थांबलं तिथून पुढे सरकतं. पुन्हा विचारणं, खात्री करून घेणं हे सगळं इंजिनकडे असल्यामुळे झाड बदललं तरी ते पुन्हा लिहावं लागत नाही. पिट्सबर्गची ‘लेट्स गो’ बस-चौकशी याच इंजिनावर चालली. शिकायला मात्र हा प्रकार सर्वांत जड, तीन प्रश्नांसाठी कशाला?

सांगाडा कोणताही घ्या, इंग्रजीतले भाग मराठीत जसेच्या तसे चालणार नाहीत. वेळेच्या ग्रामरला दीड, अडीच, पावणेचार कळायला हवेत. आणि ध्वनिमुद्रित तुकडे जोडून ‘सातारा’ + ‘ला’ केलं तर कानाला खटकतं. माणसं ‘साताऱ्याला’, ‘पुण्याहून’ म्हणतात. म्हणून गावांच्या यादीत नावाशेजारी सामान्यरूपाचा रकाना ठेवा, आणि प्रत्ययासकट अख्खा शब्द एका श्वासात मुद्रित करून घ्या.